ढवळी गाभडली तवापासून

सोमवार, दिवेलागण

आज पण थंडी वाजून ताप आला. सातवा महिना लागलाय, आन् हा कसला ताप? सासूबाई म्हणल्या, "उन्हाचा आसंल." आसंल.

पण गेल्या आठवड्यात ढवळी शेळी गाभडली, तवा मेलेलं करडू मीच उघड्या हातानं ओढून काढलं. करडामागनं पडलेला जार पण मीच पुरला. हात राखेनं घासले, तरी वास जाईना.

उद्या लिंबागणेशला दवाखान्यात हे सांगावं का? सांगतेच.

ढवळी गाभडली त्याच्या दुसऱ्या दिवशी जनावराचा डॉक्टर आलता. ह्यांना म्हणला, "हा रोग पसरतो. गाभण शेळ्या लांब बांधा." ह्यांनी लगेच सगळ्या गाभण शेळ्या लिंबाखाली नेऊन बांधल्या. मी तिथंच उभी होते, त्याच हातानं पोट धरून. मला म्हणले, "ढवळीखालचं तेवढं लोटून घे."

मी लोटलं की.