गुळवेलीचा दोरा

खर्डी, गुरुवार, संध्याकाळ

जिंकले! कुंपण साफ करताना आंब्यावरची गुळवेल मी चुकून बुडाशीच तोडली, त्याला महिना झाला. घरात कुणाला ताप आला की सासूबाई तिचाच काढा देतात. "आता तापात काय उकळू गो, तुझा कोयता?" म्हणाल्या, कोयता काढूनच घेतला आणि माझ्याशी बोलणंच सोडलं.

आज पाहते तर वर लोंबत राहिलेल्या वेलीने सुतळीहून बारीक मुळाचा दोरा खाली सोडलेला, थेट मातीत! मला भास तर होत नाही? वाकून पुन्हा पाहिलं. दोराच. सासूबाईंनीही हलकेच ओढून पाहिला, सुटला नाही.

"मरत नाय ती. मला ठाव होतं."

मग महिनाभर अबोला कशाला धरलात, विचारलंच मी. त्या आत गेल्या. कोयता तेवढा आणून माझ्या हातात ठेवला.