निळे फूल उपटू नये

मी, ओरोसिया लाकास्ता, वय एकोणऐंशी, राहणार तोर्रेबाहा, चर्चमागचे शेवटून दुसरे घर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी.

नोटरीने बजावले आहे की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदाने काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. हे इथेच नमूद करते, म्हणजे नंतर कोणी मला माहीत नव्हते म्हणायला नको.

कलम एक. राहते घर, त्यातली भांडीकुंडी, कपाटे आणि बँकेत जे काही उरेल ते माझा भाचा ब्राउलिओ यास मिळावे. तो माझ्या दिवंगत भावाचा एकुलता मुलगा, सारागोसा शहरात राहतो. दर ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेला येतो, अंगणात फोनमध्ये डोके घालून बसतो आणि जाताना म्हणतो, "आत्या, तू आमच्याकडे राहायला यायला हवंस." मी "कधी?" असे विचारले की त्याला उशीर होतो. मुलगा वाईट नाही. फक्त मागच्या वर्षी त्याने माझी बाग पावलांनी मोजली.

"इथे पोहायचा तलाव झकास होईल, आत्या."

"आणि माझी बोराहाची भाजी?"

"ते केसाळ गवत? ते तर दुकानात साफ करून पिशवीत मिळतं."

म्हणून घर त्याचे, बाग त्याची नाही.

कलम दोन. मागच्या पायरीपासून पाटापर्यंतची बाग, तिची पाण्याची पाळी, कुदळ, दोन्ही खुरपी आणि कोंबड्या हे सर्व शेजारीण एन्ग्रासिया लानूसा हिला मिळावे. का, असे तिने विचारू नये. विचारायला ती येणारही नाही. आमचे बोलणे बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली.

कलम तीन. बोराहा कशी लावावी हे एन्ग्रासियाला माहीत आहे, पण तिच्यानंतर ज्याच्या हाती बाग जाईल त्याच्यासाठी लिहून ठेवते. ऑगस्ट सरता सरता बी टाकावे, तेही जिथे झाड वाढायचे तिथेच. मूळ सरळ खाली जाते आणि एकदा रुजले की हलवलेले त्याला खपत नाही. त्या बाबतीत मी आणि बोराहा एकाच जातीच्या. दहिवर पडू लागले की रात्री वर गोणपाट घालावे. फूल यायच्या आत देठ कोवळे असताना सबंध झाड कापावे. पाने आणि देठ दोन्हींवर टोचरी लव असते. ती नळाखाली बोटांनी चोळून काढायची. बोटे काळी होतात, लिंबू लावावे. देठ बटाट्याबरोबर उकडून वर कच्चे ऑलिव्ह तेल घालायचे, बस्स. आमच्याकडे एखादी गोष्ट फुकट गेली की तिचे बोराहाचे पाणी झाले असे म्हणतात. म्हणणाऱ्यांना कधी खोकला झालेला नसावा. ते पाणी मी फेकत नाही, गरम गरम पिते.

पंचवीस मार्चला, देवदूताने मरियेला सांगावा आणला त्या सणाला, पाने पिठात बुडवून तळावीत आणि वर साखर भुरभुरावी. यांना क्रेस्पियो म्हणतात. ते एकट्यासाठी करू नयेत. एका वर्षी मी करून पाहिले. कितीही थोडे पीठ भिजवले तरी ताटभर होतात. एक खाल्ला, दुसरा घशाखाली उतरेना, बाकीचे कोंबड्यांना घातले. कोंबड्यांनाही साखर आवडली नाही.

भिंतीलगतची ओळ बियांसाठी सोडावी. बी पिकून काळे झाले की लगेच गळते, म्हणून खाली जुनी चादर अंथरावी. हे पांढऱ्या फुलाचे बी माझ्या आईचे आहे. आईकडून मला सोने मिळाले नाही, हे मिळाले.

कलम चार. भिंतीतल्या दाराबद्दल. माझी बाग आणि एन्ग्रासियाची बाग यांच्यामधल्या भिंतीत एक बुटके दार होते. आमच्या दोघींच्या आयांनी भिंत फोडून करून घेतलेले. त्यातून मीठ, अंडी, मुले आणि भानगडी इकडच्या तिकडे जात. मग एन्ग्रासियाच्या मुलीने शहरातून निळ्या फुलाच्या बोराहाचे पाकीट आणले आणि हिने ते नेमके भिंतीला लागून पेरले, शोभेसाठी. मधमाश्यांना भिंत कळत नाही. पुढच्या वर्षी माझ्या आईच्या पांढऱ्या ओळीत निळी फुले. निळा रंग एकदा शिरला की पांढऱ्याला दाबतो. मी पावाच्या रांगेत तिला तसे सांगितले. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "फुलाचा रंग कोण खातं, बाई?" लोक हसले. त्यानंतर मी काय बोलले ते ऐकणारे बहुतेक आता दफनभूमीत आहेत. त्याच आठवड्यात तिने तिच्या बाजूने दारात विटा घातल्या. मी माझ्या बाजूने गिलावा केला.

हिवाळ्यात आमच्या गल्लीत दोनच धुराडी पेटतात, माझे आणि तिचे. भिंतीपलीकडून मला तिचा खोकला ऐकू येतो. सकाळी तो ऐकू आला की बरे वाटते, कारण ती आहे. मला फार एकटे वाटते, हेही कुठेतरी लिहिले पाहिजे, म्हणून इथे लिहिले. पाववाला दोरू गाडी घेऊन येतो तेव्हा मी दोन पाव घेते. मला एक पुरतो. दुसरा घेते तो "कोण पाहुणे आलेत, आजी?" असे त्याने विचारावे म्हणून.

तर माझ्या मृत्यूनंतर, माझ्या खर्चाने, ते दार पुन्हा उघडावे.

कलम पाच. एन्ग्रासियाने निळे बी पेरणे केव्हाच सोडले, तरी भिंतीच्या पायथ्याशी दर वर्षी एखादे निळे उगवते. आधी मी ते दिसताक्षणी उपटत असे. अलीकडे एक ठेवते. ते उपटू नये.

कलम सहा. पाटकरी ब्लास याने एका कडक उन्हाळ्यात माझी पाण्याची पाळी स्वतःच्या मेव्हण्याला दिली. त्याला मी अर्धी माफी देत आहे. उरलेली त्याने वर येऊन मागावी.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वरील कागद लिहून झाल्यावर पुढील प्रकार घडला, तो खरा म्हणून नोंदवते. साक्षीला दोरू आला. पाद्रीबुवा यायचे होते, त्यांना तापाने धरले. दोरू म्हणाला, "थांबा आजी, शेजारच्या आजी आहेत की." मी "तिला नको" म्हणेपर्यंत तो रस्त्यावर. या रुमानियाच्या पोराला आमच्या गल्लीचा इतिहास कोणी सांगितलेला नाही.

एन्ग्रासिया एप्रन लावूनच आली. इतक्या वर्षांनी तिचे पहिले शब्द होते, "चष्मा दे तुझा. माझा तिकडे राहिला."

तिने उभ्याने सगळे वाचले.

"वर लिहिलंयस, डोकं ठिकाणावर आहे."

"आहेच."

"आणि बाग मला? अगं, मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी कुठे पुरणार आहे तुझ्यामागे? आणि भिंत तू मेल्यावर फोडायची ती कशाला? तुझी शवपेटी माझ्या घरातून न्यायची आहे?"

दोरू खिडकीबाहेर पाहू लागला.

"तू सही केलीस तर बाग जाईल," मी म्हटले. "वाचलंस ना?"

"वाचलं. म्हणूनच करणार. मेलेल्या बाईची बाग घेऊन काय करू? बोराहा साफ करून वाढू कुणाला?" मग तिने चष्मा काढला. "बुधवारी तुझा नळ वाजला नाही. रोज भाजी धुतेस, मला ऐकू येतो. दिवसभर भिंतीला कान लावून उभी होते मी, थंडीत. संध्याकाळी वाजला तेव्हा जेवले."

"बुधवारी उठावंसंच वाटलं नाही," मी म्हटले. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितले नसते.

तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आधी भिंत, मग सही."

दोरूने गाडीतली टॉमी, चाक काढायची लोखंडी कांब, आणली. एन्ग्रासिया तिच्या बाजूला जाऊन तिथून सूचना देऊ लागली. "जरा वर मार, लेकरा. गिलावा पक्का असणार, बाई हट्टी आहे." गिलावा खरोखरच पक्का होता. तिच्या विटा मात्र पोकळ निघाल्या, स्वस्तातल्या. वाकून, अंग चोरून निघण्याइतकी वाट झाल्यावर ती तिच्यातून आली, हातात पिठाचे भांडे घेऊन. पायाशी निळ्या फुलाचे झाड पाहून थांबली.

"हे ठेवलंस?"

"उपटायचं राहिलं."

"बरं," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

आज पंचवीस मार्च आहे. क्रेस्पियो ताटभर झाले आणि ताट रिकामे झाले. दोरूला साक्षीदार म्हणून या कागदाने काही देता येत नाही, म्हणून आईच्या बियांचा अर्धा डबा आजच त्याच्या हातात दिला.

सबब, कलम दोन रद्द समजावे. त्याचे बोराहाचे पाणी झाले. बाग घराबरोबर ब्राउलिओकडे जाईल. त्याने खुशाल तलाव खणावा. माझे गळलेले बी त्या मातीत आहे, फरशीच्या फटीतूनही उगवेल. कलम चारमधली शेवटची ओळ खोडली आहे, काम झाले. कलम पाच कायम.

ठिकाण तोर्रेबाहा, दिनांक २५ मार्च २०१९.

मृत्युपत्र करणारी: ओरोसिया लाकास्ता. डागाबद्दल क्षमा, तेल आहे.

साक्षीदार: दोरू मुंतेआन, पाववाला. उद्यापासूनही या घरी दोनच पाव द्यायला सांगितले आहे, शेजारच्या घरचा बंद, दोघी एकत्र जेवणार आहेत.

साक्षीदार: एन्ग्रासिया लानूसा, राहणार दाराच्या पलीकडे. सर्व वाचून, समजून, ओरोसियाच्या चष्म्याने सही केली.