नऊ नसलेले चौदा महिने

प्रिय डावऱ्या,

हे 'प्रिय' वाचून तू पाकीट उलटंसुलटं करून बघशील, पत्ता चुकला नाही ना म्हणून. चुकलेला नाही. सहा वर्षांनी तुझी ताई तुला पत्र लिहितेय आणि तेही हाताने, कारण संगणकापुढे बसले की बोटं आपोआप 'महोदय' टंकतात.

आधी बातमी देते. बाबांच्या नोंदवह्यांवर मी शोधनिबंध लिहिलाय. परसातल्या त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतलं कमाल आणि किमान तापमान, रोज सकाळी साडेआठला वाचलेलं, एकतीस वर्षांचं. निबंध लिहायला आठ महिने लागले, पण तो नियतकालिकाला पाठवण्याजोगा करण्यात त्याहून जास्त जीव गेला. सारांश अडीचशे शब्दांत हवा. मग तोच सारांश पाच ओळींत हवा, ज्यांना अडीचशे शब्द वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी. संदर्भसूचीत सालानंतर स्वल्पविराम नको, टिंब हवं. परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये म्हणून निबंधातून आपलं नाव खरवडून काढायचं आणि सोबतच्या अर्जात तेच नाव पाच ठिकाणी भरायचं. एवढ्या कागदपत्रांत माणूस नवं नागरिकत्व मिळवतो. मी हे सगळं निमूटपणे केलं. निमूटपणे म्हणजे घरातल्या प्रत्येकावर एकेकदा खेकसून.

त्या निबंधात माझं एक लाडकं वाक्य होतं. 'सर्व नोंदी एकाच निरीक्षकाने, एकाच जागी, एकाच वेळी घेतलेल्या आहेत.' एकतीस वर्षं एकच डोळ्यांची जोडी! असं भाग्य कुठल्या संशोधकाच्या वाट्याला येतं? ते वाक्य मी विभागात चहाच्या वेळी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा कुणी मागितलं नव्हतं.

आमच्याकडे संख्याशास्त्राचे एक सर आहेत. आम्ही त्यांना 'दशांश' म्हणतो, कारण 'दोनच्या सुमारास भेटू' म्हटलं की त्यांना कसंसंच होतं. पाठवण्याआधी एकदा आकडे नजरेखालून घाला, असं मी त्यांना म्हटलं होतं. म्हणजे कौतुक करा, असं. परवा सकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, शेवटच्या चौदा महिन्यांत दशांशाच्या जागी एकदाही नऊ आलेला नाही. साडेआठशे नोंदींत एकही नाही. तापमापकाला नऊचं वावडं नसतं हो. हे आकडे पेटीतून आलेले नाहीत, कुणाच्या तरी डोक्यातून आलेत."

आता खरं लिहायचंच ठरवलंय, तर हेही लिहिते. ते ऐकून मला पहिली आठवण तुझी झाली आणि धक्क्याच्या पोटात एक छानसं समाधान वाटलं. तेच ते चौदा महिने. तू चांगली भली नोकरी सोडून बाबांकडे येऊन राहिलास, आयतं जेवलास, ओसरीत बसून असायचास. बाबांनी कधीमधी नोंद घ्यायला सांगितली असेल आणि तू अंथरुणातूनच आकडे ठोकून दिले असशील. मनात मी तुझ्यावर खटला भरला, साक्षी घेतल्या आणि निकालही दिला. दशांश म्हणाले, "कापून टाका ते चौदा महिने. एकोणतीस वर्षं दहा महिने काय कमी आहेत? कुणी विचारणार नाही." मी हो म्हटलं. विशेषांकाची मुदत या महिनाअखेरीस संपते. एक तक्ता लहान करायचा आणि कळ दाबायची, एवढंच उरलं होतं.

फक्त अर्जात एक चौकट होती, 'मूळ नोंदी लेखकाने स्वतः तपासल्या आहेत.' तिच्यापुढे मी कधीच बरोबरची खूण केली होती आणि वह्या मात्र एकदाही उघडल्या नव्हत्या. बाबा गेल्यावर तू त्या खोक्यात भरून पाठवल्यास, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. मला वाटलं, रद्दी उपसलीस. खोकं तसंच्या तसं मी आमच्या टंकलेखनवाल्या बाईंकडे दिलं आणि त्यांनी दिलेले आकडे घेऊन थोर संशोधक झाले. परवा मात्र म्हटलं, कापण्याआधी तुझा गुन्हा एकदा डोळ्यांनी बघावा. शेवटची वही काढली.

पहिल्याच पानावर मला तुझा नऊ दिसला.

आठवतंय? नऊला जे एक जास्तीचं वळण लागतं ते तू डाव्या हाताने कधी काढलंच नाहीस. तुझा नऊ म्हणजे पोट सुटलेला एक. मी तुझ्या बोटांवर पट्टी मारून विचारायची, "हा नऊ आहे की जेवून आलेला एक?" तू रडत रडत म्हणायचास, "ताई, मला कळतो ना!" बाईंनी ते सगळे नऊ 'एक' म्हणून टंकले. पूर्णांकांत त्यांनी समजून घेतलं, काल अठ्ठावीस आणि उद्या तीस तर आज एकवीस कसं असेल. दशांशात तसा आधार नाही. मी जाब विचारला तर म्हणाल्या, "मला वाटलं मॅडम, तुमच्याकडे नऊ असाच काढतात. तुम्ही विचारलं नाही, मी बोलले नाही."

म्हणजे एकही आकडा खोटा नव्हता. चौदा महिने, एक दिवसही न चुकवता, साडेआठची नोंद तुझ्या हाताची होती. का, ते मला शेऱ्याच्या रकान्यात सापडलं. बाबा तिथे 'धुकं' किंवा 'निरभ्र' एवढंच लिहायचे. तुझा पहिला शेरा असा आहे, 'आजपासून नोंद मी घेतो. वाचून दाखवतो, बाबा ऐकतात.' त्याच्या आठवडाभराने, 'दुसऱ्या डोळ्यालाही आता फक्त उजेड-अंधार. ताईला सांगायचं नाही. शपथ घातली. म्हणतात, ती पेटी बंद करायला लावेल आणि मला तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेऊन ठेवेल.'

मी उभ्यानेच वाचत होते. मग माझ्या भेटींच्या तारखा आठवून ती पानं काढली.

त्या चौदा महिन्यांत मी चार वेळा आले होते. चारही वेळा बाबा खुर्चीत पेपर वाचत बसलेले. तुझा शेरा, 'ताई आली. पेपर बाबांच्या हातात दिला. सरळ धरलाय.' पेटीकडे जाणारी ती दोरी, मी तिला कपडे वाळत घालायची दोरी समजले होते! 'मागच्या दारापासून पेटीपर्यंत दोरी बांधली. बाबा एकटे गेले, एकटे आले. खूश.' आणि मग पुढच्या महिन्यात, 'ताईने दोरीवर टॉवेल टाकला. बाबा त्याला अडले. ताईला वाटलं, टॉवेल काढायला गेले.' मला तो टॉवेल आठवतो रे. बाबा त्यावर हात ठेवून उभे होते आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बाबा, राहू द्या, मी काढते!" वर तुला झापलं, "दिवसभर घरात असतोस, एक दोरी उंच बांधता येत नाही? कमरेला लागतेय, पडेल कुणीतरी." तू म्हणालास, "बरं."

एवढंच. बरं.

मी निरीक्षण शिकवते, डावऱ्या. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते की बघणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं. माझा बाप माझ्यासमोर चार वेळा आंधळा बसला होता आणि मी म्हणाले, "बाबा, चष्मा बदला, फार जवळ धरता पेपर."

आणि ती सकाळ. बाबा पहाटे गेले, घर माणसांनी भरलं आणि साडेआठला तू उठून परसात निघालास. आत्या, काका, शेजारचे, सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "बाप गेलाय आणि हा हवा बघायला चाललाय! खायला होतास, आता रडायला तरी थांब." तू थांबला नाहीस. परत आल्यावर मला काही बोललाही नाहीस, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. मी ते सहा वर्षं तुझा उद्धटपणा म्हणून सांगत फिरले. बोलायचं ते तू खोक्यात भरून पाठवलं होतंस आणि मी ते टंकायला दिलं.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. ते लाडकं वाक्य मी खोडलंय. आता तिथे 'दोन निरीक्षकांनी' असं आहे आणि लेखकांच्या यादीत माझ्याआधी तुझं नाव आहे. पण तुझ्या होकाराशिवाय ते पाठवता येत नाही, तसा नियमच आहे. या एकाच नियमावर मी खेकसलेली नाही. दशांशांना सांगितलंय की चौदा महिने कापणार नाही, मुदत गेली तर जाऊ दे. मात्र एकशे बहात्तर जागी एक आहे की नऊ, हे मला ओळखता येत नाही. भिंगातून बघितलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. जगात ते एकट्या तुलाच कळतात. ये आणि वाचून दाखव, मी ऐकेन. यायचं नसेल, तर त्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही, तो हक्क मी केव्हाच घालवला. मग निदान एकाच जागेचं कळव. वहीतली शेवटची ओळ, त्या सकाळची. किमान तापमान एकवीस आणि पुढे तुझा तो आकडा. शेऱ्यात तू लिहिलंयस, 'आज वाचून दाखवायला कोणी नाही.' मी घरातच होते, डावऱ्या. मला दाखव. एक की नऊ?

तुझीच, आकडे न कळलेली,
ताई