मोनालीचा दुसरा अर्ज

यावल,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय सितारा,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर आमची मोनाली फोनवरचा शब्दन् शब्द ऐकते आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून येते. हे गल्लीने ऐकायचं नाही. तुझ्या लेकीकडून, अफरीनकडूनही वाचून घेऊ नकोस. सातवीपर्यंत मराठी शाळेत होतीस ना, मग लाव जरा चष्मा.

थंडी कडक आहे. केळीला ती मानवत नाही म्हणून मोनालीचे बाबा दिवसभर कुरकुरतात. परवा भरीत केलं. वांगी भाजताना तुझी आठवण आली. माझ्या डब्यातलं भरीत तूच संपवायचीस आणि वर तिखट कमी पडलं म्हणायचीस.

खरं सांगू? अठरा पूर्ण झाली म्हणून शाळा मोनालीची संपली, पण घरी येऊन पडले ती मीच. अकरा वर्षं सकाळच्या एसटीने जळगाव गाठायचं, तिला आणि तुझ्या शेहजादला त्या विशेष शाळेच्या वर्गात सोडायचं आणि सुटेपर्यंत आपण दोघींनी व्हरांड्यात बसायचं. तू साड्यांना फॉल लावायचीस, मी सुईत दोरा ओवून द्यायचे. सासरी-माहेरी कुणापुढे बोलले नाही ते तिथे बोलले. इथल्या शेजारणी चांगल्या आहेत, पण 'आता पुढे काय हो पोरीचं?' यापलीकडे त्यांचं बोलणं जात नाही. तू हा प्रश्न कधी विचारला नाहीस. तुझ्याही घरी तोच होता.

तुम्ही धुळ्याला गेलात, शेहजाद तिथल्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला लागला, तेव्हा तूच मला अर्ज धाडलास. मुलींचं वसतिगृह तिथेच आहे, मोनालीला नक्की घेतील म्हणालीस. वसतिगृहाच्या मॅडमनी घेतलं नाही. मागच्या महिन्यात तुझा फोन आला, "लता, मैं तिसरी बार झगड के आई मॅडम से. मेरे लडके को लिया, तो हमारी मोनाली को क्यूं नहीं?" मी आपली 'जाऊ दे गं' म्हणत राहिले. तुला वाटलं असेल, किती समजूतदार! चोराच्या मनात चांदणं.

सितारा, मॅडमची काही चूक नाही. अर्ज मीच भरला होता. स्वतः जेवते का, आंघोळ करते का, वेणी घालते का, एकटी जाऊन परत येते का. सगळ्या प्रश्नांपुढे मी 'नाही' लिहिलं. वेणीपाशी हात थांबला होता. फॉलच्या तीन रंगांच्या पट्ट्या खांबाला बांधून दोन वर्षं तूच तिला वेणी शिकवलीस. तरी लिहिलं. तिला तिथे ठेवायचं म्हणजे परतीच्या एसटीत मी एकटी. ते माझ्याच्याने होईना.

मोनालीला सांगितलं, त्यांनी घेतलं नाही. ती म्हणाली, "कायले? मले तं बठ्ठं येते." सगळं येतच होतं तिला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

जूनपासून तिचं सगळं मीच करते. न्हाऊ घालते, वेणी घालते, ताट हातात देते. दिवस तर घालवायचा ना! मागच्या सोमवारी मला ताप होता. म्हटलं, आज तुझी तूच घाल वेणी. तिने तीन पेड हातात धरले आणि आरशापुढे तशीच बसून राहिली. मग पेड सोडून म्हणाली, "माय, मले येत नाही वं."

मी लिहिलेलं खोटं सात महिन्यांत मीच खरं करून ठेवलं होतं. मला माझीच भीती वाटली गं.

मग पाच दिवस रोज बसवलं. चिडली, कंगवा फेकला, मीही ओरडले. शनिवारी जमली. वाकडी होती, पण तिची तिने घातली. ती दाखवायला चार घरं फिरून आली.

सोबत नवा अर्ज आहे. मॅडमना खरं काय ते सांग, माझी लाज राखू नकोस. तू माझ्यासाठी भांडलीस आणि मी तुलाच तोंडघशी पाडलं. मला बोलायचं ते बोल, पण आधी अर्ज दे. जागा भरली असेल तर नाव लावून ठेवायला सांग. या वेळी प्रत्येक उत्तर मोनालीला विचारून लिहिलं. तिथे राहशील का म्हटलं तर म्हणते, "राहीन ना. शनवारी येईन." नावही तिनेच लिहिलंय, जरा रेघेबाहेर गेलंय.

हाशमभाईंना सलाम. शेहजाद आणि अफरीनला आशीर्वाद.

आणि हो, शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे. मुलीला घरापासून दूर ठेवायची पालकांची तयारी आहे का? तिथे मी 'आहे' लिहिलंय. या अर्जात तेवढं एकच उत्तर खोटं आहे. ते मात्र मॅडमना सांगू नकोस.

तुझी,
लता