आईचा पेवा

राजोडी, १९ जानेवारी १९९७

चि. फर्डिनंड यास अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. नाशिकच्या थंडीत आईचे गुडघे कसे आहेत? आपले नालासोपाऱ्याचे घर पाडले तेव्हा परसातला पेव्याचा गड्डा मी इथे आणून लावला होता. पावसात तो माझ्या डोक्यावर गेला, पांढरी फुलेही आली. नाताळापासून मात्र पार वाळून आडवा झालाय. केळीबरोबर रोज पाणी पाजते, तरी हिरवे काही दिसत नाही. आई सप्टेंबरात मारियाच्या सणाला येणार आणि आल्याबरोबर तोच बघणार. गावातल्या कितीजणींना तिने त्याच्या मुळीचा लेप दिला. आता तिला काय दाखवू? जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई,
उर्सुला

नाशिक, ३० जानेवारी

ती. उर्सुलाताईस सा. न. वि. वि.

तू पक्की वाडीवाली, काठी रोवलीस तरी तिला पाणी घालशील. अगं, पाऊस सरला की पेवा जमिनीत झोपतो. पाणी ताबडतोब बंद कर, नाहीतर मुळी कुजेल. जूनमध्ये तो आपणहून उठेल. आईला मी काही सांगितलेले नाही. भावजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
फर्डिनंड

राजोडी, २४ जून

चि. फर्डिनंड यास अ. उ. आ.

उशीर झाला रे. कोंब येईना म्हणून उकरले, तर मुळीचा नुसता चिखल हाती आला. तिथेच बसून रडले.

दोन आठवड्यांमागे रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर बायकांत बोलले. संध्याकाळी कोळीवाड्यातली क्लेमेंटीन पदरात भला मोठा गड्डा घेऊन दारात उभी. म्हणाली, तुज्या आयनं लेप दिला तवा मुळीचा तुकडाबी दिलता, दारात लाव म्हनली, म्हंजे कुनाकडं मागाया जावं लागनार नाय. आईने हे आपल्याला कधी सांगितलेच नाही. गड्डा लावलाय, आणि कालच दोन कोंब वर आले. या बाईचे उपकार कसे फेडू? आईला खरे काय ते मीच सांगेन.

तुझी ताई,
उर्सुला

राजोडी, १० सप्टेंबर

चि. फर्डिनंड यास अ. उ. आ.

सण छान झाला. आईने फुलांवरून हात फिरवला, तेव्हा मी सगळे सांगून टाकले. रागावेल वाटले होते. तिने एवढेच विचारले, की क्लेमेंटीनच्या दारात काही उरलेय का. मी पाहिलेच नव्हते. मग तिला हाताला धरून घेऊन गेले.

तिथे मोकळी माती होती. क्लेमेंटीन म्हणाली, अर्धाच दिला आनि उगवला नसता, तर आयला काय दाकवलं असतंस? आई तिचा हात धरून ओट्यावर बसून राहिली, आणि मी दोघींच्या पाया पडले.

फुले सरली की अर्धा गड्डा क्लेमेंटीनच्या दारात लावायचा, आणि पाणी घालायचे नाही, अशी आईची ताकीद आहे. मुलांना पापे. आमची आठवण ठेव.

तुझी ताई,
उर्सुला