माशी वाकडी नव्हती

लवळे, रविवार, १३ डिसेंबर १९५९

आज पुण्याच्या क्लबात माझे सगळे नेम चुकले आणि मी खापर पिस्तुलावर फोडलं. चारचौघांत म्हणालो, "माशीच वाकडी आहे ह्याची." तेच पिस्तूल उचलून शिकवणाऱ्या सुभेदारांनी एक गोळी झाडली. निशाणाच्या काळ्या गोलाच्या अगदी मधोमध.

माशी वाकडी नव्हती. मला ती धड दिसतच नव्हती. नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा एवढासा लोखंडी दाणा, नुसता धुरकट.

सुभेदार पहिल्या दिवसापासून सांगत होते, गोलाकडे बघू नका, माशीकडे बघा. मी कधी ऐकलं? गोळी कुठे लागली हे बघायचीच घाई. वाटायचं, हात हलतो म्हणून नेम चुकतो. म्हणून रोज सकाळी पाण्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरत आलो. गडीमाणसं हसायची. आता हात हलत नाही, तर हे असं.

संध्याकाळी हिने गोधडी शिवायला काढली आणि सुई माझ्यापुढे धरली. "एवढा दोरा ओवून द्या की. तुमी नेमबाज!"

सुई लांब धरली, जवळ धरली. नेढं काही दिसेना. ही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हात तर लई थिर हाय तुमचा."

उगाच त्या माशीला वाकडी म्हणालो. डोळे चांगले होते तेव्हा ती समोर स्वच्छ दिसत होती, आणि मी गोलाकडे बघत बसलो.