मागे राहणारा ठोका

मेम्फिस, मंगळवार

प्रिय डॅरिअस,

फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि ज्या तोंडाने रविवारी भजन म्हणायचं त्याच तोंडाने सख्ख्या भाच्याला शिव्या द्यायच्या, हे माझ्याने होत नाही. म्हणून पत्र. पण राग गेलाय असं समजू नकोस. मघापासून दोनदा कागद फाटला.

तुम्ही एझेलचा ड्रमवरचा ठोका सरळ केलात. कुणी सांगितलं होतं?

गेल्या हिवाळ्यात तू लॉस एंजेलिसहून आलास आणि म्हणालास, "मामा, आपल्याच वस्तीतल्या माणसांचा अल्बम करायचा. जॅझ, सोल, हिपहॉप, सगळं एका ताटात." चर्चच्या तळघरात आम्ही जमलो. गायला व्हर्नेल, ऑर्गनवर मी, रॅप तुझं, आणि ड्रमवर चौऱ्याहत्तर वर्षांचा एझेल. व्हर्नेल तुला म्हणाली, "एवढं भराभर बोलतोस बाळा, देवाला तरी कळतं का?" त्यावर एझेल म्हणाला, "कळतं गं. ऐकायला वेळ असलेला तो एकटाच आहे." हसण्यात पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं. अल्बमला नावही तू एझेलच्याच तोंडचं दिलंस, 'सगळे आले का?'

ते वाक्य कुठून आलं, विसरलास? रविवारी गाणारी मंडळी मागच्या दारातून झुलत झुलत वेदीकडे यायची, तेव्हा एझेल 'सगळे आले का?' असं पुटपुटायचा आणि त्याची नजर असायची रांगेतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या पायावर. तिचं पाऊल टेकलं की मग त्याचा ठोका. केसभर उशिरा. पन्नास वर्षं तो असाच वाजवत आला आणि आम्हा सगळ्यांचे हात तसेच वळले. मी मिसिसिपीतल्या खेड्यात, दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला माणूस. इथे आलो तेव्हा घाईने वाजवायचो. एझेलने एवढंच विचारलं, "गाडी चुकतेय का रे तुझी?" आणि तू तर त्याच्या मांडीवर बसून काठ्या धरायला शिकलास.

तुझ्या त्या इंजिनिअरने संगणकावर रेघा आखल्या आणि त्याचा एकेक ठोका उचलून रेघेवर नेऊन बसवला. वर तू लिहितोस, "चुका दुरुस्त केल्या." चुका! आता माझा ऑर्गन त्याच्यामागे लंगडत येतो. व्हर्नेलचा श्वास संपायच्या आत पुढची ओळ अंगावर येते. उद्या प्रवचन लांबलं तर पास्टरलाही कात्री लावाल.

दोष माझाही आहे. तू पहिल्यांदा ऐकायला पाठवलंस तेव्हा "छान, स्वच्छ झालंय" असं कळवून मी मोकळा झालो. स्वच्छपणाला भुललो. त्याची माफी मी देवापाशी मागितली आहे. तुझ्यापाशी मागणार नाही.

ईस्टरच्या आधी एझेलला अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, हे तुला ठाऊक आहे. काल दुपारी मी त्याच्याकडे कॉर्नब्रेड आणि तू पाठवलेला अल्बम घेऊन गेलो. वाटलं, ऐकून त्याला बरं वाटेल. डोळे मिटून, डावं बोट मांडीवर आपटत त्याने पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. प्रत्येक वेळी त्याचं बोट मागे राहत होतं. मग म्हणाला, "पोराचा हात साफ आहे. कुणाचा रे हा? पण विलर्ड, हा कुणासाठी थांबत नाही रे." "एझेल, हा तूच आहेस," असं त्याला सांगायला माझी जीभ उचलली नाही. म्हणालो, कुणी नवा आहे, तुझं वाजवलेलं पुढच्या वेळी आणतो. त्याचं ते मूळ वाजवणं आता फक्त तुझ्याकडे आहे, डॅरिअस, आणि तो हात पुन्हा वाजवणार नाही. महिनाअखेरीस अल्बम बाहेर पडायच्या आत त्याचा प्रत्येक ठोका होता तिथे परत ठेव. नाहीतर माझा ऑर्गन काढ, माझं नाव काढ, आणि ते शीर्षकही काढ. मी एझेलशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो आहे. त्यातलं अर्धं तरी खरं करणं तुझ्या हातात आहे.

तुझाच,
विलर्डमामा